सुमनकाकीला दिलेली खुर्ची

काकी, तुझा फ्लेक्स मीच लावला. कारखान्याच्या गेटवर, वडखळकडून येणाऱ्याला लांबूनच दिसेल असा. मध्ये तुझा दसऱ्याच्या पूजेचा फोटो घातलाय. त्यात तू कॅमेऱ्याकडे बघतच नाहीस, बाजूच्या कुणाला तरी दटावते आहेस. दुसरा बरा फोटो मिळाला नाही. खाली ठळक अक्षरांत तुझं नाव आणि नावाखाली 'सुपरवायझर' असं लिहून घेतलं. छापणाऱ्याने अक्षर लहान ठेवलं होतं, ते मी मोठं करायला लावलं.

तुझी वंदना रोह्याहून आली, गेटवर रिक्षातून उतरली आणि फ्लेक्सकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, रडते आहे. जवळ गेलो तर म्हणाली, "दादा, आईनी कधी कुणाला सांगितलं नाय, मी सुपरवायझर हाय म्हणून. माझ्या सासरी कुणी विचारलं तर सांगायची, मी गणपतीचे डोळे आखते."

अकरा वर्षांपूर्वी तुझ्या हातातला ब्रश मी काढून घेतला होता, आणि त्यानंतर तू एकही डोळा आखला नाहीस अशी माझी पक्की समजूत होती.

साप्ताहिकवाल्याने तुझी माहिती मागितली, ती पाठवली. जन्म कुठला, शाळा कितवीपर्यंत, पश्चात कोण कोण, सगळं. ते तिकडे छापून येईल. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि थोडं भांडायचंही आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय हे तुलाही माहीत आहे.

तू आमच्याकडे आलीस तेव्हा मी कॉलेजात होतो. पेणच्या गल्लीतला माझ्या वडिलांचा, नानांचा, जुना कारखाना, पुढे दुकान, मागे पत्र्याचा मांडव. जिते गावाहून एक बाई येते, मूर्तींवरून ओला ब्रश फिरवून साच्याचे सांधे पुसते, एवढीच तुझी ओळख. नानांनी तुला डोळ्यांच्या आखणीवर कधी बसवलं ते मी पाहिलं नाही, पण त्यांनी सांगितलेलं आठवतंय. आखणी करणारे गुरुजी आजारी पडले, मूर्ती रंगवून तयार, गिऱ्हाईक दारात, आणि मागून तू म्हणालीस, "नाना, मी करून बघू?" नानांनी एक फुटका हात असलेली मूर्ती पुढे केली. बिघडली तरी चालेल अशी. ती मूर्ती नानांनी मरेपर्यंत विकली नाही.

तुझी बसायची पद्धत मला अजून डोळ्यांपुढे दिसते. मूर्ती उंच स्टुलावर आणि तू खाली पाटावर. बाकीचे सगळे मूर्ती समोर धरून आखायचे. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "घरी माणूस खाली बसून वर बघतो ना? मग मीपण खालूनच बघते." तुझ्या मूर्ती बघणाऱ्याकडे का बघतात हे मला त्या दिवशी कळलं. पापणीची रेघ ओढताना तू श्वास धरायचीस. रेघ संपली की सोडायचीस आणि मग एकदम बोलायला लागायचीस, आधीचं वाक्य जिथे थांबलं होतं तिथूनच. शेजारच्या बायकांना त्याची सवय झाली होती. त्या थांबायच्या.

आणि मूर्तीला बांधलेली गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचल्याशिवाय तू ब्रश बुडवत नसायचीस. कुठं जायचाय? दादरला? पुण्याला? एकदा चिठ्ठीवर वकिलाचं नाव होतं, तर म्हणालीस, "याच्याकडं जरा जागं राहून बघणारा गणपती पाहिजे." नाना हसून हसून खोकले. मला तेव्हा हा सगळा वेडेपणा वाटायचा. आता रोज त्या आवाजाशिवाय कारखाना उघडतो, आणि सकाळचा पहिला तास मला कुठे बसावं ते कळत नाही.

मी नोकरीला लागलो रोह्याला, एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत, पर्सोनेल खात्यात. मस्टर, शिफ्ट, रजा, बढत्या, कामगारांच्या तक्रारी. शनिवारी घरी आलो की मी तुम्हाला शिकवायचो. माणसांची शिडी कशी असते, कोण कुणाच्या वर, कुणी कुणाला विचारायचं. तू वालाच्या डाळिंब्या सोलत ऐकायचीस आणि म्हणायचीस, "संजू, तुझी ती शिडी रोह्यालाच ठेव. इथं सगळी खालीच बसतात."

मग नानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी नोकरी सोडून पेणला आलो. येताना शिडी घेऊन आलो.

माझ्या हातात धंदा वाढला, यात मला खोटी लाज नाही. मुंबईचे व्यापारी थेट येऊ लागले, परदेशी जाणाऱ्या मूर्तींची ऑर्डर मिळाली, हायवेजवळ दोन शेड टाकल्या. साचे वाढवले, माणसं वाढवली, रंगाला कॉम्प्रेसर आणले. सगळं पळत सुटलं आणि एका जागी येऊन अडलं, ते तुझ्या पाटाशी. रंगवलेल्या मूर्ती तुझ्यापुढे रांगेत उभ्या, आणि तू चिठ्ठ्या वाचते आहेस. व्यापाऱ्याचे फोन मला यायचे, तुला नाही. मी तुझ्यामागे येऊन उभा राहायचो. तू मागे न बघता म्हणायचीस, "उभा राहिलास म्हणून रेघ लवकर सुकत नाय."

त्या वर्षी दसऱ्याला मी ते केलं. पूजा झाली, पेढे वाटले, आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की आजपासून सुमनकाकी आपल्या सुपरवायझर. आखणीला नव्या मुली घ्यायच्या, काकी त्यांना शिकवणार, काकी सगळ्या शेडवर लक्ष ठेवणार. पगार वाढला, केबिन दिली, केबिनमध्ये फिरती खुर्ची. टाळ्या वाजल्या. तू त्या खुर्चीच्या कडेवर बसलीस, पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, आणि विचारलंस, "मग डोळे?"

"मुली करतील," मी म्हटलं.

"आणि मी?"

"तू बघायचंस."

तू मान हलवलीस. काकी, ती मान हलवणं मी 'हो' म्हणून धरलं. कंपनीत मी शेकडो बढत्यांचे कागद केले होते, बढती नको म्हणणारा माणूस एकही पाहिला नव्हता. बढती नको वाटू शकते हे माझ्या कुठल्याच फॉर्मवर नव्हतं.

आता तुझं कौतुक ऐक, कारण ते मी तुझ्या तोंडावर कधी केलं नाही. तुझ्यासारखी माणसं सांभाळणारी बाई मी रोह्याच्या कंपनीत पाहिली नाही आणि नंतरही कुठे पाहिली नाही. नव्या मुलींच्या मुलाखतीसाठी मी दोन पानांचा फॉर्म केला होता. 'स्वतःच्या तीन उणिवा सांगा' असा त्यात एक प्रश्न होता. पहिल्याच मुलीने लिहिलं, उंची कमी, रंग सावळा, सासू. तू तो फॉर्म वाचून इतकी हसलीस की चष्मा पडला. दुसऱ्या दिवशी तू प्रत्येकीपुढे मोड आलेल्या वालांची ताटली ठेवलीस. "दुपारच्या बिरड्याला सोला गो." एवढीच मुलाखत. जिच्या हातून डाळिंबी मोडत नाही ती आखणीला. जी भराभर सोलते पण चार मोडते ती रंगाला. जी सोलता सोलता सगळ्यांना हसवते ती पॅकिंगला, कारण तिथे कंटाळा फार. आणि एक मुलगी शेजारणीच्या ताटलीतले वाल गुपचूप आपल्या ताटलीत घेऊन सोलत होती, कारण शेजारणीचा अंगठा कापलेला होता. तिला तू विचारलंस, नाव काय. प्रतिभा, म्हणाली. तिला तू स्वतःशेजारी बसवलंस.

तुझं ऐकून मी फॉर्म फाडला, असं मात्र समजू नकोस. तो अजून फायलीत आहे. मी मुद्दाम ठेवलाय, माझी जिरवायला.

मग तो बोर्ड. आखणीच्या शेडमध्ये मी पांढरा बोर्ड लावला, प्रत्येकीचं नाव आणि पुढे दिवसभरात किती मूर्ती. महिन्याच्या शेवटी पहिल्या नंबरच्या मुलीचा फोटो भिंतीवर. पहिला आठवडा काम वाढलं, आणि मी तुझ्यापुढून छाती पुढे काढून फिरलो. तिसऱ्या आठवड्यात काम आधीपेक्षाही कमी झालं आणि मला कारण सापडेना. तू मला पाच वाजता शेडच्या दारात उभं केलंस आणि म्हणालीस, "काय दिसतं?"

"काम करतायत," मी म्हटलं.

"नीट बघ. रोज या टायमाला जिचं संपतं ती दुसरीच्या दोन-चार ओढून घ्यायची. आता कोण घेतंय का? रंजना तर आपला ब्रशपण कुणाला देत नाय."

मी म्हटलं, स्पर्धा असावी थोडी. तू म्हणालीस, गावची जत्रा हाय का. आपण चांगले अर्धा तास भांडलो, मुली ऐकत होत्या. मी रागाने घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर बोर्ड जागच्या जागी, पण सगळी नावं पुसलेली, आणि तुझ्या सातवीतल्या गोल अक्षरात मधोमध एकच आकडा. अख्ख्या शेडचा. त्या दिवशी पाचला मुलींनी परत एकमेकींच्या मूर्ती ओढून घेतल्या. बोर्ड मी काढला नाही, तुझा आकडाही पुसला नाही, पण तुझं बरोबर होतं हे म्हणायला माझी जीभ वळली नाही. आज म्हणतो. तुझं बरोबर होतं.

रजेचंही तसंच. भातकापणीला माणसं गायब होतात म्हणून मी कंपनीसारखी नोटीस लावणार होतो. तू म्हणालीस, "खाडीकडची, खारेपाटातली आधी जातात, वरच्या गावातली आठ दिवसांनी. आळीपाळीनं सोड, कुणी पळणार नाय." कुणाच्या शेतात कधी विळा लागतो ते तुला तोंडपाठ होतं. तेव्हापासून कापणीत आमची एकही शेड बंद पडली नाही. व्यापारी मला विचारतात, तुम्ही माणसं टिकवता कशी. मी गंभीर चेहरा करून काहीतरी सांगतो. एकदा तर रोह्याला उद्योजकांच्या मेळाव्यात मला भाषणाला बोलावलं होतं. तिथे मी तुझ्याच गोष्टी सांगितल्या आणि 'आमच्याकडची पद्धत' असं म्हणालो. तुझं नाव घेतलं नाही. परत येताना तुला आवडतो म्हणून चिवड्याचं पाकीट घेऊन आलो, तेवढंच.

म्हणजे तू सुपरवायझर म्हणून नापास झाली असतीस तर आपलं भांडण कधीच मिटलं असतं. तू पहिल्या नंबराने पास झालीस, आणि मला वाटलं माझा निर्णय बरोबर होता. घोळ तिथेच झाला.

हंगामाची पहिली रंगवलेली मूर्ती आखणीला आली की तू केबिनमधून उठून यायचीस. "संजू, यंदा चार मूर्ती मी करू?" पहिल्या वर्षी मी हसलो. काकी, तू खाली बसलीस तर बाकीच्यांकडे बघणार कोण? दुसऱ्या वर्षी म्हटलं, तुझे बघून मुलींना आपले डोळे वाईट वाटतील, हात अडेल त्यांचा. तिसऱ्या वर्षी मला घाई होती. व्यापारी बसला होता. मी त्याच्यासमोर म्हणालो, "काकी, आता ते सोड की. किती दिवस तेच?" तू "बरं" म्हणालीस आणि पदराने चष्मा पुसलास.

चौथ्या वर्षी तू विचारलं नाहीस. मला बरं वाटलं. काकी रुळली, असं मी बायकोलाही सांगितलं.

त्याच सुमारास मी नियम केला की आमच्याकडच्या कुणी दुसऱ्याच्या कारखान्यात हात लावायचा नाही. आपली आखणी बाहेर गेली तर आपलं वेगळं काय राहिलं? नियम तुझ्याच तोंडून सांगायला लावला. तू उभी राहून म्हणालीस, "ऐकलंत ना गो? दुसरीकडं नाय जायचं." पुढच्याच महिन्यात प्रतिभा पकडली गेली. रविवारी मामाच्या कारखान्यात जाऊन डोळे आखत होती. मी तिला काढायला निघालो. तू केबिनचं दार लावून घेतलंस. तू कधी माझ्यावर ओरडली नव्हतीस, त्या दिवशी ओरडलीस.

"हात तिचा हाय, तुझा नाय! सहा दिवस तुझं करते. सातव्या दिवशी तिनं आपल्या मामाचं केलं तर काय बिघडलं तुझं?"

"नियम आहे काकी. तूच सांगितलास."

"सांगितला, कारण तू सांगायला लावलास."

प्रतिभाला मी ठेवलं, तंबी देऊन. पण तू एवढी का चिडलीस ते मला तेव्हा कळलं नाही. मी समजलो, पोरीवर जीव आहे म्हणून.

तू गेल्याचा फोन सकाळी आला. अंगणात तुळशीला पाणी घालताना बसलीस ती उठलीच नाहीस, असं वंदनाने नंतर सांगितलं. त्या दिवशी तिन्ही शेड बंद ठेवल्या. काल तुझं तेरावं झालं. जित्याला तुझ्या अंगणात मांडव घातला होता, माणसं मावत नव्हती. मी पाहुण्यांना वाढत होतो तेव्हा एक म्हातारा हात जोडून बाजूला उभा राहिला. बाळारामभाऊ, तुझ्या शेजारच्या गावचे. घराच्या पडवीत पन्नास-साठ गणपती करतात, आजूबाजूच्या गावांत देतात. मला म्हणाले, "शेठ, रागवू नका, पण सांगितल्याबिगर राहवत नाय. सुमनताय दर रविवारी माझ्याकडं यायची. आठ वर्सं. माझे सगळे डोळे तिनंच आखले."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? नियम. तुझ्या तेराव्याला, तुझ्या अंगणात, हातात भाताचं पातेलं, आणि मी रागावलो होतो. हिनेच सांगितलेला नियम हिनेच मोडला! आठ वर्षं! मग प्रतिभाचा दिवस आठवला, बंद दार आठवलं, आणि मला हसू आलं. हसता हसता पातेलं खाली ठेवावं लागलं.

बाळारामभाऊ घाबरले. म्हणाले, "एक पैसा घेतला नाय तिनं. चहा प्यायची. म्हणायची, संजूला सांगू नको. त्यानं मोठ्या मनानं खुर्ची दिलीय, त्याला वाईट वाटंल."

मी तुझ्या घरामागे गेलो, चिकूच्या झाडाशी, आणि रडलो. पन्नाशीचा माणूस, तिन्ही शेडचा मालक. वंदनाने पाहिलं आणि पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

नंतर बाळारामभाऊंच्या पडवीत गेलो. चार-पाच मूर्ती तू तुझ्या शेवटच्या रविवारी आखलेल्या. उंच फळीवर ठेवल्या होत्या, खाली एक पाट. मी पाटावर बसलो. काकी, मी धंद्यातला माणूस आहे, भावनेने बघत नव्हतो, निदान सुरुवातीला तरी. मी नानांच्या काळातली तुझी रेघ ओळखतो. ही ती नव्हती. ही तिच्यापुढची होती. पापणी थोडी जड, बुबुळ किंचित खाली, म्हातारं माणूस आपल्या नातवंडाकडे बघतं तसं काहीतरी. या आठ वर्षांत तुझा हात एवढा पुढे गेला, आणि माझ्या कारखान्यात त्याला बसायला जागा नव्हती. परदेशी जाणाऱ्या मूर्तींसाठी मी चांगल्या आखणीवाल्यांना कुठून कुठून विचारत होतो, आणि सगळ्यांत चांगला हात तुझ्या केबिनमध्ये बसून हजेरी घेत होता.

तुला चार मूर्ती हव्या होत्या. चार. सकाळचे दोन तास आखणी आणि मग उरलेला दिवस देखरेख, असं करता आलं नसतं? सहज आलं असतं. कंपनीत याला काहीतरी नावही असेल. पण मला एकच गोष्ट ठाऊक होती, की चांगल्या कामगाराला वर न्यायचं. तुला वर जायचं आहे का, हे मी विचारलंच नाही. आणि तुझाही थोडा राग आहे माझ्या मनात, खरं सांगतो. बोर्डासाठी भांडलीस, प्रतिभासाठी ओरडलीस, बाळारामभाऊंच्या मूर्तींसाठी रविवार घातलेस. स्वतःसाठी तीनदा हळूच विचारलंस आणि सोडून दिलंस. एकदा दार लावून स्वतःसाठी ओरडायचंस ना गो. मी ऐकलं नसतं कदाचित. पण आज मला एवढं तरी म्हणता आलं असतं की काकीने सांगितलं होतं.

आज सकाळी कारखान्यात आलो. तुझी जागा रिकामी ठेवून चालणार नाही, हंगाम तोंडावर आहे. गेल्या आठवड्यातच मी ठरवून टाकलं होतं, प्रतिभा. सगळ्यांत चांगला हात, सगळ्या मुली तिचं ऐकतात. तिच्या नावाचं पत्र टाईप करून ठेवलं होतं. पगार, केबिन, सगळं तेच. जाहीर करायला पेढेही सांगितले होते. बघ, तू जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि मी तीच चूक दुसऱ्यांदा करायला निघालो होतो.

पत्र तसंच ठेवून मी आखणीच्या शेडमध्ये गेलो. प्रतिभा खाली बसून पापणी ओढत होती. मी थांबलो. तिने रेघ पुरी केली, श्वास सोडला, आणि वर बघितलं.

"काय झालं दादा?"

"प्रतिभा, काकीच्या जागी माणूस लागेल. मला तू हवी आहेस. पण तुला काय हवंय? आखणी करायची की देखरेख, की अर्धं अर्धं, की यातलं काहीच नाही? जे सांगशील ते. नाही म्हणालीस तरी तुझं काही बिघडणार नाही."

आजूबाजूचे ब्रश थांबले. रंजनाने तर तोंडच उघडं ठेवलं. प्रतिभाने ब्रश पाण्यात बुडवला, कपड्याला पुसला, आणि सावकाश विचारलं,

"दादा, हे तुम्ही काकीला विचारलं होतं?"

तुला दसऱ्याला मी सगळ्यांसमोर पाटावरून उठवलं होतं. म्हणून मीही सगळ्यांसमोरच बोललो, कॉम्प्रेसर बंद करायला लावून, शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल असं.

"नाही," मी म्हटलं. "काकीला मी विचारलं नाही. माझं चुकलं."